चांदीच्या बेअरिंगचं पथ्य

भोपाळहून नर्मदापुरमच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात मंडीदीप लागतं. कारखान्यांची धुराडी, कंटेनरच्या चळती, आणि हमरस्त्याच्या कडेला टायरवाला, पंक्चरवाला, पोहे-जिलेबीवाला, ऑइलवाला. यातल्या ऑइलवाल्याकडे थोडा वेळ उभं राहिलं तर मनुष्य हा विचार करणारा प्राणी आहे, या शाळेत शिकलेल्या वाक्याबद्दल शंका येऊ लागते. मोबाइलचं दीडशे रुपयांचं कव्हर घेताना जो गडी चार दुकानं पालथी घालतो, कॅमेऱ्याचं भोक जुळतं की नाही ते तीनदा तपासतो, तोच गडी लाखो रुपयांच्या इंजिनाच्या पोटात काय ओतायचं हे दोन शब्दांत निकालात काढतो: 'बढ़िया वाला'. दुकानदारही मान न वळवता हात मागे नेतो आणि फळीवरचा डबा काढतो. 'बढ़िया' कशाला म्हणायचं याबद्दल दोघांत कधीच मतभेद नसतात. डबा सोनेरी असावा, त्यावर एखादी गाडी ज्वाळांतून बाहेर पडत असावी, 'सिंथेटिक' हा शब्द कुठेतरी असावा आणि किंमत शेजारच्या डब्याहून शंभरभर रुपये जास्त असावी. माझं म्हणणं असं, की बाकीच्या इंजिनांचं काय व्हायचं ते होवो, पण जुन्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाच्या बाबतीत हा शब्द बिनकामाचा आहे. त्याला चांगलं तेल नको असतं, पथ्याचं तेल हवं असतं. घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना मऊ भात आणि मेतकूट वाढतात आणि नातवाच्या वाढदिवसाची बासुंदी त्यांच्यापासून लांब ठेवतात, यात बासुंदीचा अपमान नसतो. आजोबांचाही नसतो, अर्थात ते तसं मानत नाहीत.

आता कोणी विचारील, की मंडीदीपात दोन-स्ट्रोक डिझेल आहे तरी कुठे? प्रश्न रास्त आहे. इथे आयशरचे ट्रॅक्टर बनत आले, २००५ साली तो धंदा टॅफेने घेतला, पण ट्रॅक्टर चार-स्ट्रोक. रस्त्यावरचे ट्रक चार-स्ट्रोक. २००३ सालची विधानसभेची निवडणूक ज्या 'बिजली-सडक-पानी'वर गाजली, त्यातल्या बिजलीच्या दुष्काळात कारखान्यांच्या आवारात धडधडणारे जनरेटरही बहुतेक चार-स्ट्रोकच. दोन-स्ट्रोकचं खानदान शोधायचं तर रुळांवर जावं लागतं. अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडून १९६२ साली आपल्या रेल्वेने डब्ल्यूडीएम-४ जातीची इंजिनं आणली, ती दोन-स्ट्रोक. मग मधली कित्येक वर्षं चार-स्ट्रोक अल्को इंजिनांनी देश ओढला. इटारसीच्या शेडची बरीच हयात त्यांच्यात गेली. १९९९ पासून डब्ल्यूडीजी-४ आलं आणि दोन-स्ट्रोक पुन्हा दारात हजर झालं: सोळा सिलिंडर, प्रत्येकाचं पोट ७१० घनइंचांचं, ताकद चार हजार अश्वशक्ती. ती पुढे वाराणसीला बनू लागली, हुबळीत आणि पुण्याच्या शेडमध्ये नांदली. विजेच्या तारा जवळपास सगळीकडे पोचल्यामुळे आता त्यांनाही उतारवय लागलंय. दुसरं घराणं डेट्रॉइट डिझेलचं. त्याचाही जन्म जनरल मोटर्सच्याच घरात, १९३८चा. दुसऱ्या महायुद्धात सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींत ही इंजिनं होती. जुन्या जहाजांतून निघणारे जनरेटर अलंगच्या बाजारातून देशभर पांगतात, त्यांत असा एखादा म्हातारा सैनिक निघाला तर तो कुठल्या शेडच्या पत्र्याखाली निवृत्त होईल ते सांगता येत नाही.

अशा सैनिकाला पहिला धोका 'दोन-स्ट्रोक' या शब्दापासूनच असतो. आपल्या पिढ्यांनी दोन-स्ट्रोक ओळखला तो बजाजच्या स्कूटरवर. पेट्रोल पंपावर हाताने फिरवायचं ते टूटी ऑइलचं यंत्र, लिटरला वीस मिलीच्या हिशेबाने पडणारी धार, आणि मागच्या सिग्नलपर्यंत रेंगाळणारा निळा धूर, एवढा त्या शब्दाचा अर्थ. त्यामुळे इंजिन दोन-स्ट्रोक आहे असं कळलं की दुकानदार मोठ्या आत्मविश्वासाने टूटीचा डबा पुढे करतो. ते तेल पेट्रोलबरोबर जळून जाण्यासाठी जन्माला आलेलं असतं. एकदा पडलं की गेलं. डिझेल दोन-स्ट्रोकला मात्र खाली चेंबर असतो, त्यात तेल साठतं, पंपाने फिरतं आणि शेकडो तास तिथेच संसार करतं. एकाचं काम सती जाण्याचं, दुसऱ्याचं घर सांभाळण्याचं. आडनाव सारखं म्हणून एकाला दुसऱ्याच्या जागी उभं करायचं, ही चूक आपण लग्नाच्या बाबतीतसुद्धा करत नाही. तिथे निदान गोत्र तरी विचारतो.

दोन-स्ट्रोक डिझेलच्या आत काय चालतं हे समजून घ्यायचं तर लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणावी. चार-स्ट्रोक म्हणजे घरचं जेवण. वाढणं, जेवणं, उठणं, पुसून घेणं, प्रत्येकाला आपापली वेळ आहे. दोन-स्ट्रोक म्हणजे कार्यालयातली तिसरी पंगत. जेवणाऱ्याच्या हातात मठ्ठ्याची वाटी आहे तोवरच पुढच्या पंगतीचा माणूस त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा असतो. पहिला अर्धवट उठतो न उठतो तोच दुसरा बसायला लागतो, किंबहुना दुसरा बसू लागल्यामुळेच पहिला उठतो. इंजिनात तेच होतं. पिस्टन खाली गेला की लायनरच्या भिंतीतली भोकं उघडतात, ब्लोअर ताजी हवा आत रेटतो आणि ती हवाच जळका धूर वरच्या वॉल्वमधून बाहेर ढकलते. ब्लोअर म्हणजे मुलीचे मामा, 'चला चला, पुढची पंगत खोळंबलीय' म्हणत सगळ्यांना पुढे सरकवणारे. या घाईमुळे प्रत्येक फेरीला काम होतं, पण विसावा कुणालाच नसतो, आणि सर्वांत कमी विसावा पिस्टनच्या पिनेला. चार-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर टाकून झाला की क्षणभर पिस्टनवरचा दाब नाहीसा होतो, पिन जराशी उचलली जाते आणि त्या फटीत तेल शिरतं. दोन-स्ट्रोकमध्ये पिन कायम एकाच अंगावर दाबलेली. ती उचललीच जात नाही, तर वाढपी जिलेबी वाढणार कुठून?

त्यावर त्या रेल्वे इंजिनांच्या अमेरिकी कर्त्यांनी उपाय काढला तो ऐकून कुठल्याही मराठी गृहिणीला त्यांच्याबद्दल आदर वाटेल. त्यांनी पिनेच्या बेअरिंगला चांदीचा मुलामा दिला. शोभेसाठी नव्हे, तर एवढ्या दाबाखाली, एवढ्याशा तेलावर चांदी तग धरते म्हणून. पण चांदी आली की चांदीची दुखणी आली. आपल्या घरातलं चांदीचं तबक वर्षभर कपाटात असतं आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी बाहेर काढावं तर काळंठिक्कर. गंधकाशी तिचं जन्मजात वैर. आता गंमत अशी, की आजच्या जवळपास प्रत्येक 'बढ़िया' इंजिन ऑइलमध्ये झीज कमी करण्यासाठी एक जस्ताचं संयुग घालतात. त्याचं पूर्ण नाव उच्चारायला मंगळाष्टकाएवढा श्वास लागतो, म्हणून सगळे त्याला नुसतं झिंक म्हणतात. त्यात जस्ताबरोबर गंधक आणि फॉस्फरसही असतात. लोखंडी भागांना ते संयुग अमृतासारखं. चांदीला मात्र ते गरमीत कुरतडत जातं. म्हणजे एका सामान्य ट्रकला ज्या गुणामुळे तेल चांगलं, त्याच गुणामुळे ते या इंजिनाला विष. याहून मजेची गोष्ट ही, की त्याच कंपनीच्या घरात जन्मलेल्या डेट्रॉइटला झिंकचं वावडं नाही. दोघं सख्खे भाऊ, दोघं दोन-स्ट्रोक, दोघं डिझेल, आणि एकाच्या पथ्यावर पडणारं दुसऱ्याच्या जिवावर उठतं. शेंगदाण्याची चटणी एकाच ताटातून खाणाऱ्या भावंडांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठाव्यात, तसं.

इथे हमरस्त्यावरचा जाणकार म्हणेल, झिंकचं ठीक आहे, पण मल्टिग्रेड घालायला काय हरकत? सगळे पंधरा-डब्ल्यू-चाळीसच घालतात. याचं उत्तर हवामान खात्याकडे आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. पंधरा-डब्ल्यू तेलाची चाचणी उणे वीस अंशांवर घेतात, पाच-डब्ल्यूची उणे तिसावर. मंडीदीपात पारा आठ अंशांवर आला की माकडटोप्या निघतात, शेकोट्या पेटतात आणि 'यंदा कडाका आहे' असं एकमेकांना फोन करून सांगितलं जातं. तिथे उणे तिसाची सोय विकत घेणं म्हणजे इटारसीला जाताना सायबेरियाचा विमा काढणं. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हात इंजिनाला फक्त मागचा आकडा कामाचा, तो चाळीस. तो साध्या चाळीसमध्येही आहे आणि पंधरा-डब्ल्यू-चाळीसमध्येही, मग फरक कुठे? साधं चाळीस अंगचंच जाड असतं. मल्टिग्रेड मुळात पातळ. त्यात पॉलिमरच्या लांब शेवया घातलेल्या असतात, त्या थंडीत गुंडाळी करून बसतात आणि गरमीत पसरून तेलाला जाडपणा आणतात. दाबाखाली रगडून त्या शेवया तुटल्या की खाली उरतं ते मूळचं पातळ तेल. जिथे पिनेला क्षणाची उसंत नाही, तिथे जाडी शेवयांच्या भरवशावर ठेवायची का, एवढाच प्रश्न आहे. डेट्रॉइटच्या कर्त्यांनी म्हणूनच साधं चाळीस सांगितलं. रेल्वे इंजिनांसाठीही मल्टिग्रेड निघालंय, हे मान्य. पण ते त्या इंजिनांचं पथ्य पाळून बनवलेलं असतं, ट्रकच्या फळीवर मिळत नाही. आक्षेप घेणाऱ्याने त्या तेलाचं उदाहरण द्यावं आणि डबा मात्र ट्रकचा उचलावा, हे म्हणजे शेजारणीच्या पुरणपोळीचं कौतुक सांगत घरी पाव आणण्यासारखं.

राखेची गोष्ट जरा बाजूची आहे, पण तिच्यावाचून चित्र पुरं होत नाही. तेलात अल्कली घालतात, कारण डिझेलमधला गंधक जळून आम्ल तयार होतं आणि कुणीतरी ते मारायला हवं. खाण्याचा सोडाच तो. पण अल्कली जळाली की राख उरते. दोन-स्ट्रोकमध्ये ती वॉल्वच्या बैठकीवर बसते आणि हवेची भोकं बुजवते, आणि पंगतीचं दारच अर्धं बंद झालं की मामा कितीही ओरडले तरी उपयोग नाही. म्हणून डेट्रॉइटसाठी राख एक टक्क्याच्या आत असावी असा दंडक. आता इथे माझ्याच म्हणण्याला एक खोच बसते, ती लपवून चालणार नाही. मी इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तकाप्रमाणे वागा म्हणतो, पण पुस्तक छापलं गेलं तेव्हाचं डिझेल आज उरलंय कुठे? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक टक्क्याच्या घरात चालत असे. म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. २०२० च्या एप्रिलपासून ती मर्यादा दहा भागांवर आली. हजारपट फरक. आम्लपित्तच गेल्यावर सोड्याचे चमचे चालू ठेवणारा माणूस जसा नव्याच तक्रारी ओढवून घेतो, तसंच इथे. जहाजांच्या घरभर उंचीच्या दोन-स्ट्रोक इंजिनांना हा धडा त्याच वर्षी मिळाला. इंधनातली गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली आणि सिलिंडरच्या तेलातली अल्कलीही उतरवावी लागली, कारण जास्तीची अल्कली पिस्टनवर खड्यासारखी चिकटते. तेव्हा पुस्तक वाचावं ते कॅलेंडर शेजारी ठेवून. पुस्तकातलं कारण पाळायचं, आकडा नव्हे. पण कारण पाळायला आधी पुस्तक उघडावं लागतं, आणि ते बहुधा इंजिनाच्या पायाखाली पाचर म्हणून सरकवलेलं असतं.

सर्वांत जोरदार आक्षेप मात्र अक्षरांचा. डब्याच्या पाठीवर तेलाची इयत्ता सांगणारी एपीआयची अक्षरं असतात: सीएच-४ आलं १९९८ साली, सीआय-४ २००२ साली, सीजे-४ २००६ साली, सीके-४ २०१६ साली. बाराखडी पुढे सरकली म्हणजे तेल सुधारलं, आणि नव्यात जुनं सामावलेलंच असणार, असा सरळ हिशेब. शाळेत दहावी पास झालेला आठवीचं गणित सोडवू शकतो ना? तर इथे तसं होत नाही. दोन-स्ट्रोक डिझेलसाठी वेगळी तुकडीच होती. आधी १९८५ साली सीडी-दोन, मग १९९४ साली सीएफ-२, आणि तिच्या परीक्षेला प्रत्यक्ष डेट्रॉइटचंच इंजिन बसवलेलं. पुढे ती तुकडीच बंद पडली. सीके-४ची परीक्षा ज्या इंजिनांवर झाली ती सगळी चार-स्ट्रोक, तरुण आणि निर्व्यसनी. त्यामुळे आपलं म्हातारं इंजिन आज जुन्या अभ्यासक्रमाच्या रिपीटरसारखं झालंय. प्रश्नपत्रिका छापणारे निवृत्त झाले, मंडळाचं कार्यालय हललं, आणि हा मात्र हॉलतिकीट घेऊन दारात उभा. त्याला 'नवा अभ्यासक्रम जास्त चांगला आहे' असं सांगणं खरं असेलही, पण त्याच्या काय कामाचं?

शेवटी येतो तो अनुभवाचा युक्तिवाद: 'पाच साल से यही डाल रहे हैं, कुछ नहीं हुआ.' याच्यापुढे भले भले गप्प होतात. पण इंजिन काही तेल आवडलं नाही म्हणून ताट भिरकावत नाही. ते झिजतं, आणि झीज आधी दिसते ती प्रयोगशाळेत. रेल्वेच्या शेडमध्ये वापरलेल्या तेलाचा नमुना काढून त्यात कुठला धातू किती उतरला ते मोजतात. लोखंड, तांबं, शिसं, आणि या इंजिनांसाठी चांदी. दहा लाखांत दोन भागांच्या वर चांदी दिसली तर माणसं खुर्चीवरून उठतात. एवढी चांदी कुठल्याही सराफाला दिसणार नाही, वासही येणार नाही, आणि इंजिन तर झोकात धावत असतं. त्याच शेडमध्ये गरिबाघरच्या परीक्षाही आहेत, आणि त्या पाहण्यासारख्या आहेत. तेलाचा एक थेंब टिपकागदावर सोडतात. तेलात दम असेल तर काजळी तेलाबरोबर कडेपर्यंत पसरत जाते आणि सगळा डाग एकसारखा राखाडी दिसतो. दम संपला असेल तर काजळी मधेच गोळा होऊन बसते, भोवती फिकट तेलकट वर्तुळ, जणू कपाळावरचं कुंकू घामाने ओघळायच्या आधी. दुसरा थेंब तापल्या पत्र्यावर टाकतात. गप्प बसला तर ठीक, मोहरीसारखा तडतडला तर तेलात पाणी शिरलंय. हमरस्त्यावरच्या मिस्त्रीची परीक्षा मात्र याहून सोपी. तो डिपस्टिक काढतो, तेल अंगठा आणि तर्जनीत चोळतो, डोळे बारीक करतो आणि 'अभी चलेगा' म्हणतो. त्या चिमटीला लोखंडाचा कीस लागतो, डिझेलचा पातळपणाही कळतो, हे मी नाकारत नाही. चांदी नाही लागत. आणि पिन अडकून इंजिन उतरवायची वेळ येते तेव्हा तेलावर आळ येतच नाही. तो येतो चालवणाऱ्यावर, किंवा डिझेलच्या भेसळीवर, किंवा शनीवर.

बांधणी बघून तेल ठरवावं ही काही आजची चैन नाही. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या गरगर फिरणाऱ्या इंजिनांत चक्क एरंडेल घालत. पेट्रोल तिथे क्रँकच्या पेटीतूनच जाई, खनिज तेल त्यात विरघळून धुपून जाई, एरंडेल विरघळत नसे. वैमानिकांच्या नाकातोंडात त्याचा फवारा जाई आणि रविवारी सकाळी आजीने एरंडेल पाजलेल्या मराठी मुलांना जे सोसावं लागे, ते त्यांना ढगांत सोसावं लागे. तरी कुणी म्हणालं नाही, की त्यापेक्षा बढ़िया तेल घाला. एका मोठ्या कंपनीचं नावसुद्धा त्या एरंडेलावरूनच पडलं. आणि मंडीदीपकरांना तर एवढ्या लांब जायचंही कारण नाही. जवळच भोजपूरला अकराव्या शतकातलं भोजराजाचं अर्धवट राहिलेलं शिवमंदिर आहे. त्याच्या आसपासच्या खडकांवर कारागिरांनी मंदिराचे नकाशे कोरून ठेवलेत, खांब कसा, शिखर कसं. मंदिर पुरं झालं नाही, पण त्याचं मॅन्युअल हजार वर्षं शाबूत आहे. आपल्याकडे इंजिन शाबूत असतं आणि मॅन्युअलच्या पहिल्या बारा पानांत भजी बांधून गेलेली असतात.

समजा एखाद्याने हे सगळं मनावर घेतलं. पुस्तकाची उरलेली पानं सोडवली, इंजिनाची जात शोधली, बेअरिंगला चांदी आहे याची खात्री केली, कागदावर नीट अक्षरात लिहून आणलं: सिंगल ग्रेड, चाळीस, झिंक अजिबात नको. तो हमरस्त्यावरच्या दुकानात शिरतो आणि कागद काउंटरवर ठेवतो. दुकानदार चष्मा वर करून कागद वाचतो, उलटा करून मागचीही बाजू बघतो, आणि मान न वळवता हात फळीकडे नेत म्हणतो, 'ये तो नहीं है, भैया. पर इससे बढ़िया है.'